हा चेहरा कोणाचा?

अभ्यासासाठी शास्त्रभाग : मार्क १२:१३-१७, उत्पत्ती १६:१-१४, निर्गम २०:८-११
(गटात अभ्यास करणार असाल तर तिन्ही भाग आधी मोठ्याने वाचून घ्यावेत.)



मार्कच्या बाराव्या अध्यायातली नाण्याची गोष्ट आपण बहुतेक वेळा कराच्या संदर्भात ऐकतो. सरकारचे काय आणि देवाचे काय, हा त्यावरच्या प्रवचनाचा नेहमीचा विषय. मी नवापूर तालुक्यात गेली एकोणीस वर्षे फोटो स्टुडिओ चालवतो, त्यामुळे माझे लक्ष त्या गोष्टीत दुसरीकडेच जाते. प्रभूने आधी नाणे मागवले आणि विचारले ते त्यावरच्या चेहऱ्याबद्दल. दिनार म्हणजे मजुराची साधारण एका दिवसाची मजुरी. त्यावर कैसराची मुद्रा होती. चेहरा ज्याचा, नाणे त्याचे, असा तो हिशेब. मग देवाचे जे आहे ते देवाला देण्याची गोष्ट पुढे येते, तेव्हा मला उत्पत्तीचा पहिला अध्याय आठवतो. कैसराची प्रतिमा चांदीवर होती. देवाची प्रतिमा कशावर आहे, ते तिथे सत्ताविसाव्या वचनात सांगितले आहे.

संपादकांनी मला विचारले होते की धंदा, घर, मित्र आणि विश्वास यांचा मेळ तुम्ही कसा घालता, ते तरुणांसाठी लिहा. आपल्या भागातली पुष्कळ मुले आता कॅमेरा घेऊन लग्नाची कामे करतात, त्यांना उपयोग होईल. मेळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तराजू येतो : एवढे तास धंद्याला, एवढे घराला, एवढे देवाला. मला तो तराजू कधी जमला नाही आणि जमवायचाही नाही, कारण लग्नसराईत तो एका दिवसात कोलमडतो. त्याऐवजी प्रभूने नाण्याबद्दल विचारलेला प्रश्न मी समोर आलेल्या गोष्टीला विचारतो. हे कोणाचे? फोटोला, रविवारला, मित्राच्या हक्काला. उत्तर दर वेळी सोपे येते असे नाही.

आधी फोटोचे सांगतो.

माझ्या स्टुडिओत सर्वांत जास्त निघतो तो पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचा पासपोर्ट फोटो. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, बँक खाते, सगळ्याला तोच. आपल्या पाड्यांवरच्या पुष्कळ माणसांचा आयुष्यात तेवढाच एक फोटो निघालेला असतो, आणि दुसरा आधार कार्डावरचा. तो तर अंगठ्याच्या नखाएवढा. घरात कोणी वारले की मुलगा किंवा पुतण्या ते कार्ड घेऊन माझ्याकडे येतो. म्हणतो, "भाऊ, मोठा करून द्या, फ्रेममध्ये लावायचाय." बारा बाय अठरा इंचांवर तो फोटो नेला की डोळे पुसट होतात, ओठांची रेघ हरवते. मी जमेल तेवढे सावरतो. पण जे कधी टिपलेच नाही ते संगणकातून आणता येत नाही. नातू ती फ्रेम हातात घेऊन विचारतो, "आजी अशीच होती का?" तेव्हा दुकानात कोणी बोलत नाही.

यामुळेच नऊ वर्षांपूर्वी मी आपल्या संस्थेच्या आरोग्य शिबिराबरोबर पाड्यांवर जायला सुरुवात केली. महिन्यातला एक शनिवार. एकीकडे सिकलसेलची तपासणी चालते, दुसरीकडे कुडाच्या घराच्या ओट्यावर मी बसतो. सोबत एक कॅमेरा, थर्माकोलची पांढरी शीट आणि बॅटरीवर चालणारा छोटा प्रिंटर. चार बाय सहाचा फोटो साधारण मिनिटाभरात बाहेर येतो. फोटो ज्याचा, प्रिंट त्याच्या हातात तिथल्या तिथे. माझ्याकडे राहते ती फाइल, आणि तीही त्यांनी हो म्हटले तरच.

इथे थोडे तांत्रिक बोलतो, कारण त्यातही विश्वासाचा प्रश्न आहे. कॅमेरा समोरचे सगळे जग मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून उजेड मोजतो. काळ्यासावळ्या माणसाने पांढरा सदरा घातला, मागे चुन्याची भिंत असली, की कॅमेऱ्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो सगळेच काळवंडवतो. भिंत करडी होते आणि चेहऱ्याच्या जागी एक गडद डाग उरतो. पूर्वीच्या रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळा रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा फोटो नमुना म्हणून वापरत. त्याला शर्ली कार्ड म्हणत. म्हणजे यंत्र घडवतानाच कोणाचा चेहरा नीट दिसायला हवा हे ठरून गेले होते. उपाय अवघड नाही. माणसाला दारातल्या किंवा ओट्यावरच्या सावलीत बसवा, बाहेरचा मोकळा उजेड तोंडावर येऊ द्या, थर्माकोल मांडीच्या उंचीवर धरा आणि उजेड अर्धा-एक टप्पा वाढवा. मग गालाचे हाड, कपाळावरचे गोंदण, डोळ्यातला ठिपका, सगळे दिसू लागते.

तरी गिऱ्हाईक म्हणते, "दादा, थोडं गोरं करून द्या." माझे काही व्यवसायबंधू लगेच करतात, मी त्यांना नावे ठेवत नाही. पण देवाने आपल्या प्रतिमेत घडवलेला चेहरा मी माझ्या बोटाने पुसून दुसरा काढावा, हे मला रुचत नाही. उलट बाजूही खरी आहे : चेहरा त्याचा, तर तो कसा दिसावा हे सांगायचा हक्कही त्याचाच. म्हणून मी दोन प्रिंट काढतो. एक त्याने मागितलेला, एक नीट उजेडातला. दोन्ही शेजारी ठेवतो आणि गप्प बसतो. बहुतेक जण दुसरा उचलतात. काही जण पहिलाच घेतात, मी तोही त्याच पाकिटात तेवढ्याच काळजीने घालून देतो.

आता हागारेकडे या. उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात साराय बोलते, अब्राम बोलतो, आणि दोघांच्याही तोंडी ती फक्त दासी आहे. तिचे नाव दोघेही घेत नाहीत. ती रानात पळून जाते, शूरच्या वाटेवर पाण्याच्या झऱ्याजवळ देवदूताला सापडते, आणि तो मात्र तिला नावाने हाक मारतो. मग विचारतो, कुठून आलीस, कुठे चाललीस? तिचे उत्तर ऐकून घेतो. शेवटी ती देवाला एक नाव देते, आपल्याला पाहणारा देव अशा अर्थाचे. तिला दिसणे म्हणजे काय हे त्या क्रमात आहे : आधी नाव, मग प्रश्न, मग तिचे म्हणणे. शिबिरात मी हाच क्रम पाळतो. कॅमेरा पिशवीत ठेवून आधी नाव विचारतो. दहा मिनिटे जास्त लागतात, आणि डॉक्टर कधीकधी माझ्यावर वैतागतात.

याच गोष्टीवरून माझा एका जिवलग मित्राशी वाद झाला. आम्ही एकाच वसतिगृहात वाढलो, एकाच गायनवृंदात गायलो, आता तो क्षेत्रात सेवा करतो. एका शिबिरात दीड वर्षाचे एक बाळ आले होते, हाडे मोजून घ्यावीत असे. बाहेरच्या एका देणगीदारासाठी पत्रक निघायचे होते. मित्र म्हणाला, जवळून काढ, डोळ्यातले पाणी दिसू दे. मी कॅमेरा उचलला तशी आईने बाळाच्या तोंडावर पदर ओढला. ती काही बोलली नाही. मी कॅमेरा खाली ठेवला.

संध्याकाळी जीपमध्ये तो म्हणाला, "तुझ्या एका फोटोनं वीस पोरांचं दूध झालं असतं. त्या बाईचा पदर मोठा की वीस पोरं?"

हा प्रश्न हलका नाही. माझा मित्र पैशासाठी बोलत नव्हता, त्याने त्या पोरांना खांद्यावर घेऊन दवाखान्यात नेलेले आहे. मी त्याला म्हटले की चेहरा त्या बाळाचा आहे आणि तोवर आईच्या राखणीत आहे. तिने झाकला म्हणजे उत्तर मिळाले. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दान गुप्तपणे करण्याबद्दल सांगितले आहे, ते देणाऱ्यासाठी आहे हे खरे, पण घेणाऱ्याची लाजही त्यात राखली जाते. कायद्याचेही सांगितले. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख पटेल असा फोटो वर्तमानपत्रात किंवा मासिकात छापता येत नाही. तो म्हणाला, कायदा मला नको सांगू. चार महिने तो स्टुडिओची पायरी चढला नाही. पत्रकात दुसरीकडून आणलेला फोटो छापला गेला. आता आम्ही बोलतो, उपासनेला एकाच बाकावर बसतो, ख्रिसमसला त्याच्या घरी जेवतो. पण त्याचे मत बदललेले नाही, आणि वीस पोरांच्या दुधाचा त्याचा प्रश्न माझ्यापाशी अजून तसाच आहे.

दुःखाचा फोटो कधीच काढू नये, असे मात्र मी म्हणत नाही. अ‍ॅलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईंचे उदाहरण या वादात मला फार उपयोगी पडले. त्या आफ्रिकेत काँगोमध्ये बारिंगा येथे सेवा करीत. तो मुलूख तेव्हा बेल्जमच्या लिओपोल्ड राजाच्या खासगी मालकीचा होता आणि रबरासाठी तिथल्या लोकांवर भयंकर जुलूम चालला होता. १९०४ च्या मे महिन्यात न्साला नावाचा एक बाप मिशनच्या ओट्याशी आला. रबर कंपनीच्या पहारेकऱ्यांनी त्याची लहान मुलगी मारली होती, आणि तिचा हात नि पाऊल एवढेच त्याच्याजवळ उरले होते. अ‍ॅलिसबाईंनी तो ओट्यावर बसून त्या अवशेषांकडे पाहत असताना फोटो काढला. इंग्लंड-अमेरिकेत जादूच्या दिव्याच्या व्याख्यानांतून तो दाखवला गेला, लोकमत पेटले, आणि १९०८ मध्ये राजाला काँगो सोडावा लागला. एका फोटोने हे सगळे घडले असे नाही, पण फोटोंचा त्यात मोठा वाटा होता.

त्या फोटोत आणि आमच्या पत्रकाच्या फोटोत मला फरक दिसतो तो असा. न्साला स्वतः चालत आला होता, साक्ष द्यायला. त्याचे नाव नोंदले गेले, मुलीचे नाव बोआली हेही नोंदले गेले. आणि फोटो अन्याय करणाऱ्याविरुद्ध उभा राहिला. आपल्या पाड्यावरची एखादी आई उद्या मला म्हणाली की रेशन मिळत नाही, हे माझ्या पोराचे हाल दाखव, तर मी रात्री बारा वाजताही जाईन.

घराचे सांगायचे तर आधी एडवर्ड कर्टिसचे सांगावे लागेल. फोटोच्या धंद्यातल्या प्रत्येक विश्वासू तरुणाने त्याची हकिगत वाचावी. १८६८ मध्ये अमेरिकेत जन्मलेला, धर्मोपदेशकाचा मुलगा. सिअ‍ॅटल शहरात त्याचा चांगला चाललेला पोर्ट्रेट स्टुडिओ होता. तिथल्या मूळ जमातींचे जीवन नाहीसे होण्याआधी टिपून ठेवायचे त्याने मनावर घेतले. १९०६ मध्ये जे. पी. मॉर्गन या धनिकाने पंचाहत्तर हजार डॉलर देऊ केले. १९०७ ते १९३० या काळात 'द नॉर्थ अमेरिकन इंडियन' या नावाचे वीस खंड निघाले. चाळीस हजारांहून अधिक फोटो, ऐंशीच्या आसपास जमाती. चेहरे पाहा, पाहतच राहावे असे आहेत. त्या जमातींतली पुष्कळ कुटुंबे आज त्या खंडांत आपले पणजोबा-पणजी शोधतात, हेही त्याच्या पदरात टाकले पाहिजे. पण १९१० च्या एका तंबूतल्या फोटोत दोन माणसांच्या मध्ये एक घड्याळ ठेवलेले होते, ते त्याने खोडून टाकले. त्यांचे घड्याळ त्याच्या चित्रात बसत नव्हते.

आणि घर? बायको क्लारा स्टुडिओ आणि चार मुले सांभाळत राहिली, तो महिनोन्‌महिने बाहेर. १९१६ मध्ये तिने घटस्फोटाचा अर्ज केला, १९१९ मध्ये तो मंजूर झाला आणि स्टुडिओ तिच्याकडे गेला. १९२७ मध्ये तो अलास्काहून परतला तेव्हा पोटगी थकल्याबद्दल त्याला अटक झाली. काम थोर होते, त्याबद्दल वाद नाही. पण जो माणूस ऐंशी जमातींच्या कुटुंबांचे चेहरे टिपत होता, त्याच्या घरच्या पाच चेहऱ्यांकडे कोण पाहत होते? १ तीमथ्य ५:८ मधला घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दलचा कडक शब्द आपण पैशापुरता वाचतो. मला वाटते त्यात नजरेचीही तरतूद आहे.

माझ्याकडे रविवारी स्टुडिओ बंद असतो. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा वाचताना दहावे वचन नीट पाहा. तिथे यादी आहे : मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे, आपल्या वेशीच्या आतला परका. म्हणजे विसावा हा मालकाच्या मर्जीचा नाही, तो यादीतल्या सगळ्यांचा आहे. माझ्याकडे दोन पोरे मदतीला आहेत, एक विश्वासी आहे, एक नाही. मी रविवारी काम घेतले तर त्या दोघांचा रविवार मी घेतला असे होते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात चाळीस हजारांचे एक लग्न रविवारी आले. ते सोडले. या धंद्यात एक लग्न सोडले की त्या घरची पुढची तीन लग्नेही जातात, आणि तशीच ती गेली. हिशेबाची वही पत्नीकडे असते. तिने तो आकडा पाहिला आणि म्हणाली, "पैसे मागून येतील. पोरगी बारावीनंतर घरात नसणार." पोरगी आता नाशिकला नर्सिंग शिकते.

अपवाद एकच आहे. रविवारी कोणी आधार कार्ड घेऊन दारात उभा राहिला, घरात माणूस वारलाय म्हणाला, तर मी कुलूप काढतो. लूकच्या चौदाव्या अध्यायातला विहिरीत पडलेला बैल मला तिथे पुरेसा आहे. पत्नी तोवर त्यांना चहा देते. त्या फोटोचे पैसे आम्ही घेत नाही.

मुलीच्या बाप्तिस्म्याच्या आदल्या रात्री ती म्हणाली होती, "पप्पा, उद्या तुम्ही नुसतं बसा." फोटोवाल्याच्या घरच्या आल्बममध्ये फोटोवाला कधी नसतो, हे मुलांच्या लक्षात येते. मी कॅमेरा नेला नाही. तिच्या मामाने मोबाइलवर काढलेला एक तिरका, हललेला फोटो आमच्या बैठकीत लावलेला आहे. उजेड चुकलाय, पाळकसाहेबांचे डोके अर्धे कापले गेलेय. पण त्यात मी आहे, पुढच्या बाकावर, पत्नीच्या शेजारी. स्टुडिओत येणारे लोक विचारतात हा कोणी काढला, आणि मी मामाचे नाव सांगतो.

मित्रांच्या पैशाचे थोडक्यात. मित्राला मी सवलत देत नाही. एक तर पूर्ण दर, कागदावर लिहून. नाही तर सगळे काम भेट म्हणून, आणि त्याचा पुन्हा उच्चार नाही. अर्ध्या दरात दोघांनाही आपण उपकार केला असे वाटत राहते आणि मग जेवायच्या ताटावर तो विषय निघतो. पोरांची मजुरी मात्र त्याच संध्याकाळी, गिऱ्हाईकाचे पैसे आलेले असोत वा नसोत. लेवीय १९:१३ पाहावे.

क्षेत्रात मोबाइलवर फोटो काढणाऱ्या सेवकांसाठी चार शब्द. खाली बसलेल्या माणसाचा फोटो उभे राहून काढू नका, तुम्हीही बसा. पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवले की सूर्याची खूण येते, ती वर सरकवा. काढलेला फोटो आधी त्यालाच दाखवा आणि नको म्हणाला तर त्याच्यासमोर पुसा. फोटो कुठे छापणार, कोण पाहणार हे त्याच्या बोलीत सांगा. मराठीत नुसते विचारले तर सावकार, तलाठी, डॉक्टर सगळ्यांना हो म्हणायची सवय झालेली असते. आणि गटात बसाल तेव्हा या अंकातलेच फोटो उघडून प्रत्येकाबद्दल बोला : या माणसाचे नाव आपल्याला माहीत आहे का? हा अंक त्याच्या हातात पडला तर त्याला काय वाटेल?

नोव्हेंबरच्या शिबिरातली अकरा पाकिटे अजून माझ्या खणात आहेत. त्या दिवशी प्रिंटरची बॅटरी संपली, आणि ती कुटुंबे दुसऱ्याच दिवशी ऊसतोडीला गुजरातकडे निघाली. प्रत्येक पाकिटावर नाव आणि पाड्याचे नाव लिहिले आहे. होळीला बरीच माणसे परत येतील. त्या बाजूला कोणी जाणार असेल तर जाताना स्टुडिओवरून पाकिटे घेऊन जावीत, रविवार सोडून केव्हाही.